शंकरआबांचा विलायती कायदा

मला कुत्रं चावलं, तेव्हा शेजारच्या शंकरआबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “मास्तर, ह्ये कुत्रं ह्याच्या आदी कुणाला चावलं हुतं का?”

पोटरीतून रक्त येत होतं. बायको हळद घेऊन धावत होती. इंजेक्शनासाठी मला विट्याची एसटी गाठायची होती. मी कळवळून म्हणालो, “मला काय ठाऊक, आबा!”

“ठाव पायजे. आदी चावलं नसंल तर मालक सुटला. ते चावरं हाय ह्ये त्याला कळणार कसं? विलायतेत कायदाच तसा हाय.”

माझी एसटी चुकली. कुत्र्याचा मालक मात्र त्या दिवसापासून आबांना वाकून रामराम घालू लागला.

आबा लष्करात होते. लढाई संपल्यावर आपल्या गोऱ्या साहेबाच्या चिठ्ठीवर ते विलायतेला गेले आणि लीड्स नावाच्या शहरात एका वकिलाच्या हापिसात कामाला लागले. आधी दारावर, मग कागदपत्रांच्या कपाटांवर. तिथं पंचवीसेक वर्षं काढून, एकाहत्तर सालच्या सुमारास ते गावी परत आले ते एक ओव्हरकोट आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. सामान्य माणसाला रोज लागणारा कायदा त्यात सोपा करून सांगितला होता. आमच्या गावातल्या सामान्य माणसाला तो कधीच लागत नव्हता, ही गोष्ट आबांना पटवणं कुणाला जमलं नाही. “आपलं कायदं आलं कुठनं? तिथनंच का न्हाई?” असं ते विचारत.

मी गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो आणि नेमकं त्यांच्या शेजारचं घर मला मिळालं. पहिल्याच उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी आबा दारात उभे. काखेत शेवग्याच्या शेंगांची मोळी आणि हातात कागद.

“तुमच्या झाडाची फांदी माज्या हद्दीत आली हुती. ती कापायचा हक्क माजा. पर फांदी तुमची आन् शेंगाबी तुमच्या. मोजून घ्या आन् हितं सही करा.”

“अहो, ठेवा की तुम्हालाच!”

“न्हाई. ती चोरी हुईल.”

सही केली. दुपारी बायकोनं त्याच शेंगांची आमटी त्यांना नेऊन दिली, ती मात्र त्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, “आता ती देणगी झाली.”

विट्याच्या बाजारात तर त्यांनी मला तोंडघशीच पाडलं. एका दुकानदारानं बेदाण्याच्या पोत्यावर भावाची पाटी लावली होती आणि मागितल्यावर त्या भावात द्यायला तो तयार होईना. मी तावातावानं भांडत होतो. चार माणसं माझ्या बाजूनं जमली होती. दुकानदार आता नमणार, एवढ्यात आबा पुढं झाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ह्येचं बरुबर हाय. पाटी म्हंजे नुसतं आवतण. इकायचं का न्हाई ते त्येनं ठरवायचं.” परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही; एसटीचं तिकीट हा करार कसा असतो, हे ते गाव येईपर्यंत मला समजावत होते.

अशा माणसाशी वैर करता येत नाही आणि त्याच्या शेजारी राहवतही नाही. बदलीसाठी मी दोनदा अर्ज केला.

मग आमच्या आळीतले गणपत शिंपी वारले. गणपत शिंप्यांचं लग्न झालेलं नव्हतं. हौसाबाई म्हणून नवऱ्यानं तरुणपणीच टाकलेली एक बाई त्यांच्या घरी राहत होती. वीस वर्षं राहत होती. ती काजं करी, बटणं लावी, त्यांची पथ्यं सांभाळी. गावानं सुरुवातीला नाकं मुरडली आणि पुढं ते सोडूनही दिलं. गणपतचे दोन पुतणे बिहारात गलाईच्या दुकानात सोनं गाळायचा धंदा करत. ते दिवसकार्याला आले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईला सांगितलं, आठ दिवसांत घर मोकळं कर.

हौसाबाई आली ती सरळ आबांच्या ओट्यावर. मी माझ्या ओट्यावर वह्या तपासत होतो.

“आबा,” ती म्हणाली, “तुमी सगळ्यास्नी सांगता. मला सांगा. तुमचा विलायतंचा कायदा काय म्हणतो?”

मी कपाळाला हात लावला. आता हिला अर्धा तास ऐकावं लागणार. पण आबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आत जाऊन तिला पाणी आणून दिलं. “बगतो,” एवढंच म्हणाले. पुढचे दोन दिवस त्यांचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्यांना चावडीवर बोलावलं आणि मला दरडावलं, “मास्तर, तुमीबी चला.”

चावडीवर सरपंच होते, पुतणे होते. हौसाबाई भिंतीला लागून पदर ओढून बसली होती. आबांनी भर एप्रिलमध्ये ओव्हरकोट घातला होता. त्यांनी पुस्तक उघडून खणखणीत इंग्रजीत एक परिच्छेद वाचला आणि अर्थ सांगितला: जी बाई वीस वर्षं माणसाच्या घरात नांदली, तिला जीव असेपर्यंत त्या घरातनं काढता येत नाही.

“आवं, पर ह्यो विलायतंचा कायदा,” थोरला पुतण्या म्हणाला.

“आपल्या कोर्टात त्येंचं दाखलं आजून चालत्यात. लावा दावा. दर तारखेला दुकान बंद करून बिहारातनं यायचं. मी हाय हितं. मला दुसरा उद्योग न्हाई.”

दोघे पुतणे एकमेकांकडं बघू लागले. मग धाकट्यानं पुस्तक ओढून घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. “मास्तर, तुमी विंग्रजी शिकवता. खरं सांगा, लिवलंय का तसं?”

मी वाचलं. ते पान प्रवासात हरवलेल्या सामानाबद्दल रेल्वेची जबाबदारी किती, याविषयी होतं.

मी आबांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. कोटाचं बटण धरून समोर बघत उभे होते. भिंतीजवळून हौसाबाई माझ्याकडं बघत होती.

“लिहिलंय,” मी म्हणालो.

बाईनं हयातीपर्यंत घरात राहावं, असा कागद सरपंचांसमोर झाला. पुतण्यांनी सह्या केल्या. मी चावडीच्या पायऱ्या उतरलो तो तापून.

“आबा, मला खोटं बोलायला लावलंत! ते पान रेल्वेचं होतं!”

“व्हय.”

“मग खरं पान कुठंय? काय म्हणतो तुमचा कायदा?”

“कायदा म्हणतो, लगीन न्हाई तर बाई परकी. काडीचा हक्क न्हाई.” ते चालता चालता थांबले. “बाई परकी, तसा बाप्याबी परका.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“एल्सी नाव हुतं तिचं,” आबा म्हणाले. “सोळा वर्सं एका घरात ऱ्हायलो. घर तिच्या नावावर. लगीन करू म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या साली. गावाकडं काय सांगायचं, ह्येचंच भ्या. मंग ती आजारी पडली आन् गेली. तिच्या भावानं शनवारपातूर घर मोकळं करायला सांगितलं. हापिसात साह्यबाला इचारलं. साह्यब म्हणला, शंकर, कायदा तुला ठाव हाय. मी म्हणलं, व्हय साह्यब, ठाव हाय.”

“आणि घर सोडलंत?”

“घराचं काय न्हाई वो. मयताच्या गाडीत नात्याची माणसं बसली. मला म्हणले, जागा न्हाई. मी मागनं बसनं गेलो. पोचलो तवा समदं आटपून माणसं परत निघाली हुती.”

रस्त्यात उसाची एक बैलगाडी आली. आम्ही कडेला झालो. ती पुढं गेल्यावर मी विचारलं,

“हे गावात कुणाला सांगितलं नाहीत कधी?”

“कुणी इचारलं न्हाई,” आबा म्हणाले. “समदी कायद्याचंच इचारत्यात.”

सहा वर्षं मी या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. मी तर तेही विचारलं नव्हतं. नुसता वैतागत होतो.

“आबा,” मी म्हणालो, “एल्सीबाई दिसायला कशा होत्या?”

त्यांनी माझ्याकडं जरा संशयानंच पाहिलं. मग ओव्हरकोट काढून हातावर घेतला, रस्त्याच्या कडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि मला बसायला थोडं सरकून जागा केली.