अंबादासशेठची स्पेशल बोट

अंबादासशेठ पारखल्याशिवाय काहीच घेत नाहीत. तीर्थपुरीला त्यांचं बियाण्याचं दुकान आहे. आमच्या कंपनीची पिशवी आली की मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि कोंब मोजायचे, इथवर ठीक. सगळेच करतात. पण ह्या माणसानं मुलीला स्थळ आलं तेव्हा होणाऱ्या जावयाला ऐन पेरणीच्या गर्दीत आठवडाभर गल्ल्यावर बसवलं! "आधी उगवण पाहू, मंग बोलू," हे त्यांचं पालुपद. जावई चांगला उगवला. आता तोच सासऱ्याला दटावतो.

माझं ऑफिस नवीन जालन्यात. हुद्दा विक्री अधिकारी, म्हणजे डीलर लोकांची बोलणी खाणारा. टार्गेट पूर्ण करणाऱ्याला कंपनी थायलंडला नेते. दोन तिकिटं मिळतात. दुसऱ्यावर कोणी मेव्हणा आणतो, कोणी दोस्त. बायकोला कोणीच आणत नाही. का, ते मला विचारू नका. शेठ दरवर्षी टार्गेट मारायचे आणि तिकिटं भाच्यांना देऊन टाकायचे. यंदा म्हणाले, "मी येऊन राह्यलो. हिला घेऊन."

विमानतळावर सगळ्या डीलरांनी त्यांना धरलं. "शेठ, लग्नाच्या पंगतीला घरचा डबा घेऊन निघाले का?"

"तिथं कोणती पंगत असती, ते सांगू का तुमच्या घरी?" शेठ म्हणाले. सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले, ते पार बँकॉकपर्यंत.

तिसऱ्या दिवशी बेटं पाहायची होती. दिवसभरात तीन बेटं, शेवटी लगून, म्हणजे डोंगरांच्या मधे अडकलेलं समुद्राचं निळं तळं. सगळ्यांसाठी मोठी बोट ठरलेली. धक्क्यावर शेठ अडून बसले. "आम्हाला ही न्हाई पाहिजे. स्पेशल बोट करा. आम्ही दोघं आन् तुम्ही. खर्चा माझा."

स्पेशल! हा माणूस तीर्थपुरीहून येताना जीप भरेपर्यंत तासभर उन्हात उभा राहतो, पण स्पेशल गाडी करत नाही. मी समजावलं, चिडलो, हात जोडले.

"बिलकुल न्हाई," शेठ म्हणाले. "सगळी वळखीची माणसं. त्यांच्यासमोर तिला न्हाई जमायचं."

काय जमायचं नाही, ते सांगेनात. झक मारत केली बोट. मग नावाड्याची पारख! "भाऊ, तू पैले कूद. तेरी उगवण देखते." खाणाखुणा करून त्या बिचाऱ्याला कपड्यांसकट समुद्रात उडी मारायला लावली. तो पोहून वर आला, तेव्हा म्हणाले, "बराबर. चला."

पहिल्या बेटावर माकडं होती. दुसऱ्यावर शेठच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, धपाटे काढले आणि नावाड्याला आग्रह करकरून वाढले. मग लगून आलं. चहूकडं उंच खडक, मधे तळ दिसेल असं नितळ पाणी आणि चिटपाखरू नाही. मोठी बोट अजून मागं होती.

"आता कोणी न्हाई. उतर," शेठ बायकोला म्हणाले.

"येड लागलं का? वय काय माझं! अन् साहेब बसलेत."

"साहेब तिकडं तोंड करतील."

मी मुकाट्यानं तिकडं तोंड केलं.

"इसरले आसंन मी," काकू हळूच म्हणाल्या.

"पवणं कोणी इसरतं व्हय? जल्दी कर, लोक येतील."

"काकू, जॅकेट!" मी ओरडलो.

"ते घालून काय म्हशीवाणी तरंगू?" आणि धबाक् आवाज झाला.

वळून पाहतो तर फळीवर नुसत्या चपला. पाण्यावर कोणी नाही. मी मनात म्हटलं, संपलं, नोकरीही गेली. शेठ मात्र शांतपणे लांबवर बघत होते. आणि त्या लांबच्या जागी डोकं वर आलं! पाठोपाठ काकूंची आरोळी, अशी की खडक घुमला. काष्टा मारलेल्या लुगड्यात त्या सपासप हात मारत खडकाला शिवून आल्या, उलट्या झाल्या, पाठीवर तरंगायला लागल्या. नावाडी टाळ्या पिटायला लागला.

तेवढ्यात मोठी बोट आलीच. चाळीस डीलर नारंगी जॅकेटं घालून कठड्याला गच्च धरून उभे. मला वाटलं, काकू आता लाजून चूर होणार. कसलं काय! त्यांनी हात वर केला. "या की रे! भ्यालात व्हय?"

एक जण उतरेल तर शपथ. पण शिट्ट्या अशा पडल्या की माझ्याही अंगावर काटा आला. काकू पुन्हा खडकाकडं निघाल्या.

मी शेठजवळ बसलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"आष्टीला पोरगी पाहायला गेल्तो," शेठ म्हणाले. "घरी कोणी न्हाई, म्हून मळ्यात गेलो. तर ही विहिरीत उडी टाकून राह्यलेली, अशीच वरडत. मला तर तिथंच पसंत पडली. मंग घरी चहा घेऊन आली ती खाली मान घालून. आमच्याकडं बायांनी पवायची रीत न्हाई. नांदायला आली ती चहावाली. लय गुणाची, साहेब. सोन्यासारखा संसार केला." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "पण त्या विहिरीतलीची मला घरात बसून आठवण यायची."

पाण्यातून काकूंनी विचारलं, "अहो, काय सांगून राह्यले त्यांना?"

"काई न्हाई!" शेठ ओरडले. "तू पव!"