सगळ्यात मागे गायधनीकाका

"ताई, पाय वर करा."

गायधनीकाकांनी मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. सकाळचे सव्वापाच वाजले होते. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडवर पंचवीसेक माणसं बगळ्यासारखी एका पायावर उभी होती आणि पन्नाशी ओलांडलेले एक सडपातळ गृहस्थ हातात सहा इंची स्टीलची पट्टी घेऊन त्यांच्यामधून फिरत होते. प्रत्येकाच्या बुटाचा तळ बघायचे, नक्षीच्या खाचेत पट्टी घालून खोली मोजायचे आणि "पास" म्हणून बुटाच्या टोकावर खडूने खूण करायचे. कळवणच्या गाडीची वाट बघत बसलेल्या एका आजोबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही पाय वर केला. काकांनी त्यांचीही चप्पल उलटी करून पाहिली.

"रिजेक्ट," ते म्हणाले. "पण बाबा, तुम्ही एसटीनेच जाणार ना? मग चालेल."

काका सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. आठवड्याचे सहा दिवस ते लोखंडी कड्या पास किंवा रिजेक्ट करत आणि महिन्यातल्या एका रविवारी माणसं. नाशिकच्या भोवती इतके किल्ले, आणि लोक ते धड न चढताच म्हातारे होतात, याचं त्यांना वाईट वाटे. म्हणून हौसेने, स्वतःचा रविवार घालून, ते लोकांना डोंगरावर न्यायचे. मोबाइल अजून खिशाखिशात आले नव्हते. टेलिफोन खात्यातल्या माझ्या मैत्रिणीने नाव सांगितलं आणि मी गेले.

माझे कॅनव्हासचे बूट तळाशी गुळगुळीत झाले होते. "रिवर्क," असं म्हणून काकांनी सॅकमधून बुटांचा एक जोड काढला. अशी जादा बुटांची तीन मापं ते कायम बाळगत. मला त्यातलं एकही माप होत नव्हतं. शेवटी मोठ्या बुटात मोज्यांचे दोन जोड चढवून मी दिवसभर बदकासारखी चालले, पण घसरले मात्र एकदाही नाही.

बूट झाले की वासाची तपासणी. त्या दिवशी एक नवं जोडपं आलं होतं. काका नवऱ्याच्या मानेजवळ नाक नेऊन थबकले.

"सेंट?"

"हो... सासरच्यांनी दिलंय."

"छान आहे. पण कड्यावर आग्या मोहोळ असतं. त्याला तुम्ही घरबसल्या आमंत्रण पाठवलंय. चला, नळावर."

मग स्टँडवरच्या नळाखाली, वाहक-चालकांच्या देखत, त्या जावईबापूंची मान, कान आणि मनगटं काकांनी साबण लावून धुतली. बायको इतकी हसली, इतकी हसली, की तिला बाकावर बसवावं लागलं. मला वाटतं, त्यांचा संसार खऱ्या अर्थाने तिथेच सुरू झाला. पुढे दोघंही न चुकता यायचे आणि ती नवऱ्याला घरूनच हुंगून आणायची.

काकांचा सगळ्यात आवडता नियम फोटोचा. "फोटोसाठी कोणीही मागे सरकायचं नाही. माणसं मावत नसतील तर माणसं कमी करा!" हा नियम त्यांच्या अंगात इतका भिनला होता की आमच्या ग्रुपमधल्या एकीच्या लग्नात मोठाच घोटाळा झाला. स्टेजवर वधूवरांभोवती वीस-बावीस नातेवाईक उभे. फोटोग्राफर म्हणाला, "थोडं मागे, थोडं मागे." तेवढ्यात पंगतीच्या बाजूने शिट्टी वाजली. तीन वेळा. मागोमाग आरोळी आली, "कोणी मागे सरकणार नाही! आहे तिथेच खाली बसा!" आवाजात असा काही अधिकार होता की वराचे काका, मावश्या, स्वतः भटजी, सगळे मटकन खाली बसले. त्या अल्बममध्ये तो फोटो आहे. वधूवर उभे आणि बाकीचे चोवीस तास उपाशी असल्यासारखे बसलेले.

चढताना पुढे असायचा नितीन. हा काकांच्याच कारखान्यातला तरुण इंजिनिअर, त्यांनी हाताखाली तयार केलेला. काका स्वतः सगळ्यात शेवटी. कोणी कितीही रेंगाळलं तरी काका त्याच्या मागे. कोणी दमलं की ते लगेच एखाद्या झाडाचं नाव सांगायला थांबत, म्हणजे दमणाऱ्याला वाटावं की थांबलोय ते झाडासाठी. मला पहिल्या वर्षात बरीच झाडं कळली.

मग आला धोडप किल्ला. वडाळीभोईपर्यंत एसटी, तिथून जीपने हट्टी गाव, आणि पायथ्याशी चहा. टपरीवाल्याने काकांना ओळखलं. "सर, तुमची माणसं लय शिस्तीची, पण चहा कवा गिळत्यात ते समजतच नाय."

माचीपर्यंत मी ठीक होते. वर कातळाला लोखंडी शिडी लावलेली दिसली आणि मी आहे तिथेच थांबले. "काका, मी इथेच बसते," मी म्हणाले. आता भाषण ऐकावं लागणार, अशी तयारी ठेवली होती.

"उत्तम," काका म्हणाले. "मी पण बसतो." बाकीच्यांना घेऊन नितीन वर गेला.

चिवड्याची पुडी सोडून आम्ही एका दगडावर बसलो. मला शरमल्यासारखं झालं होतं. "माझ्यामुळे तुमचं राहिलं. तुम्ही तर कितीदा वर गेला असाल म्हणा."

"ग्रुप घेऊन ही नववी फेरी. दर वेळी कोणी ना कोणी इथे थांबतंच. वर मी एकदाच गेलोय." त्यांनी पुडीतले शेंगदाणे माझ्या बाजूला सारले. "लग्नाला वर्ष झालं होतं. कुमुदला ही शिडी बघून तुमच्यासारखीच भीती वाटली. मी म्हटलं, बस इथे, आलोच. वर ओळखीची मंडळी भेटली, गप्पा रंगल्या. खाली आलो तीन तासांनी. ही डबा पोटाशी धरून बसलेली आणि समोर सहा माकडं."

मला हसू आलं. "चिडल्या असतील!"

"नाही ना! घरी गेल्यावर माकडांच्या नकला करून दाखवल्या. आई हसून हसून बेजार. मलाही वाटलं, चला, मजा झाली." काकांनी पुडीत बोट फिरवलं. "पण त्यानंतर ती कधी माझ्याबरोबर आली नाही. मी विचारायचो, ती म्हणायची, तुम्ही या जाऊन, मी आहे घरी. सव्वीस वर्षं. आणि मी यायचो जाऊन."

"आणि आता?"

"चार वर्षं झाली. आता घरीही नसते."

त्यांनी पुडीचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि समोरच्या झाडाचं नाव सांगितलं.

पुढच्या वर्षी पुन्हा धोडप ठरला तेव्हा मी आणि नितीनने कट केला. शिडीखाली पोचताच मी लंगडायला लागले.

"कुठला गुडघा?" काकांनी विचारलं.

मी म्हणाले "उजवा" आणि त्याच क्षणी नितीन म्हणाला "डावा." काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे माझ्या दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज बांधलं.

"मी थांबतो ताईंजवळ," नितीन म्हणाला. "दोघं आहोत, म्हणजे कोणी एकटं नाही. काका, तुम्ही सगळ्यांना घेऊन जा."

काकांनी शिडीकडे पाहिलं. "माकडं आली तर?"

"दोघं आहोत, काका."

ते गेले. शिडीची प्रत्येक पायरी हलवून बघत, सगळ्यांच्या शेवटी. दोन तासांनी ग्रुप आरडाओरडा करत उतरला, पुन्हा काका शेवटी. मी उत्साहाने विचारलं, "कसं वाटलं? काय दिसलं?"

"सगळं दिसलं. हवा स्वच्छ होती." ते माझ्याशेजारी दगडावर टेकले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "सगळे फोटो काढण्यात होते, ताई. मी दोनदा शेजारी वळलो. दाखवायला."

नितीन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.  बँडेजमधले दोन्ही पाय कसेबसे वळवून मी त्यांच्याकडे तोंड केलं.

"मग आता दाखवा ना. मी कुठे पाहिलंय?"

समोर नुसता काळा कातळ होता. काकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मग बोट वर केलं.

"ते बघ," ते म्हणाले, "तो तिकडे सप्तशृंग. दिसला? आता जरा डावीकडे बघ..."