सासऱ्यांचा बिनचहाचा दिवस

“अख्खा दिवस चहा बंद? एवढंच ना, डॉक्टरसाहेब! ते माझ्यावर सोडा!”

हे मी छातीठोकपणे म्हणालो, कारण पेशंट माझे सासरे होते आणि भिवंडीच्या नारपोलीत माझं स्वतःचं औषधांचं दुकान होतं. पथ्य सांभाळायला माझ्याहून लायक माणूस कोण!

सासरे म्हणजे काल्हेरचे बाळाराममामा. जन्मभर खाडीत बुड्या मारून त्यांनी रेती काढली. शहाण्णव साली छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन लागणार की नाही, हे ठरवायला हृदय कामाला लावून बघायचं होतं. पण मामांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला! धावत्या पट्ट्यावर चालणार कसे? मुंबईच्या डॉक्टरांनी तोड काढली.

“माणूस पळायला लागला की स्नायूंत इंधन जळतं आणि ॲडेनोसिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या रुंद करतं, म्हणजे राबणाऱ्या भागाला जास्त रक्त मिळतं. मेंदूत साठलं की तेच सांगतं, दमलास, आता झोप. आम्ही ते इंजेक्शननं देऊ. मामा पडून राहतील आणि रक्तवाहिन्या पळताना उघडतात तशा उघडतील!”

मी खूशच झालो. काय पदार्थ आहे हो! आमच्या भिवंडीत कापडाचा लूम जास्त चालला तरी जादा सूत धाडायचं सोडून मॅनेजर नुसता ओरडतो. हा न सांगता राबणाऱ्याला रसद पोचवतो, वर दमलेल्याला निजवतोही!

“फक्त चहा नको,” डॉक्टर म्हणाले. “त्यातलं कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. मग इंजेक्शन फुकट.”

तपासणीच्या आदल्या दिवशी मामा आमच्याकडे राहायला आले. सकाळीच शेजारचे लूममालक फखरुद्दीनशेठ भेटायला आले. माझ्या बायकोनं, कमळानं, चहा पुढे केला. मामांनी हात जोडले.

“मना नको चा.”

शेठचा कप हातातच राहिला. “या अल्ला! बाळाराम चाय को ना बोला?”

झालं! दुपारपर्यंत काल्हेरला बातमी पोचली, बाळारामनं चहा सोडला, म्हणजे आता काही खरं नाही! टेम्पो भरभरून नातेवाईक आले. मामांची बहीण ठमाबाई उंबऱ्यातच हंबरडा फोडून बसली. “माजा भाऊस गेला गं!”

“आगं, हाय मी अजून!” मामा ओरडले.

आता आलेल्याला चहा नको का? कमळाचा स्टो दिवसभर विझला नाही. घरभर आलं-वेलचीचा घमघमाट, आणि मधोमध मामा कोरडे! एरवी ताटलीभर चहा ओतून भुरके मारणारा हा माणूस, पण एक घोट घेतला नाही. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

संध्याकाळी मात्र त्यांनी कपाळ धरलं. “जावय, डोका फुटतंय माजा.”

चहाची तलफ, दुसरं काय! मी धावत दुकानात गेलो आणि सगळ्यात खपणारी डोकेदुखीची गोळी आणली. डबल शिफ्टवाले कामगार हिच्यावरच तर जगतात! थोड्याच वेळात मामा टुणकन उठून बसले.

“गुन आला रं!”

पहाटे आणखी एक दिली. आमच्याकडे काय तोटा!

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, “चहा?”

“थेंबसुद्धा नाही!”

“दुसरं काही?”

मी ऐटीत गोळ्यांचं पाकीट काढलं. डॉक्टरांनी ते उलटलं आणि चष्मा कपाळावर नेला.

“अहो, यात कॅफिन आहे! स्वच्छ छापलंय इथे! आजची तपासणी रद्द. ही गोळी देणाऱ्याला वाचता येत नाही का?”

मी छताचा पंखा निरखू लागलो. पण जावयाचा अपमान मामांना सहन होईना. ते कॉटवर ताठ बसले.

“ओ साहेब, त्याला काय बोलाचा न्हाय! औषदांचा मोठा दुकान हाय त्याचा!”

पुढच्या सोमवारी तपासणी झाली. डोकं दुखलं तेव्हा या खेपेस सुंठीचा लेप लावला होता. इंजेक्शन दिल्यावर रक्तवाहिन्या अशा उघडल्या की डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिले! म्हणाले, “जन्मभराच्या मेहनतीनं घडलेलं हृदय आहे हे. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्यांवर भागेल.” मामा कँटीनमध्ये जाऊन लागोपाठ चहा प्याले आणि ठमाबाई आनंदानं पुन्हा रडली.

हे सगळं मला कमळानं सांगितलं. मला तिनं आदल्या दिवसापासून फखरुद्दीनशेठच्या घरी ठेवलं होतं, आणि मामा हॉस्पिटलला जायला गाडीत बसेपर्यंत याला बाहेर सोडू नका, असं शेठना बजावलं होतं.