हॉलच्या भिंतीवरील तीन थरांबाबत

प्रत्येक सुजाण कुटुंबप्रमुखाला दोन विषयांचं ज्ञान उपजतच असतं : देशाचं परराष्ट्र धोरण आणि घराचं रंगकाम. पैकी पहिल्यात मला अद्याप संधी मिळालेली नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंवर 'योग्य' असा शिक्का मारणं हे माझं काम. त्यामुळे माझ्या हातून काही अयोग्य होऊ शकतं, हे लक्षात घ्यायची सवय राहिली नव्हती.

मुलगी निकिता हिचा साखरपुडा घरीच करायचं ठरलं. नवरामुलगा समर्थ येवल्याचा. त्याच्या आईनं, मंगलाबाईंनी, होणाऱ्या सुनेसाठी स्वतः मागावर बसून सात महिन्यांत पैठणी विणली होती. निकितानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"बाबा, हॉल गेणूदादाकडून रंगवून घ्या. तुम्ही हात लावू नका."

मी विनंती दाखल करून घेतली.

गेणू हा पंचवटीतला रंगारी. त्यानं भिंतीवर नख फिरवलं. "काका, खाली ऑइलपेंट हाय. त्याच्यावर पाण्याचा रंग धरत नाय. पॉलिश पेपरनं घासतो, प्रायमर मारतो, मग रंग. चार दिवस द्या."

भिंतीला रंग लावण्यासाठी आधी भिंत घासायची, ही कल्पना मला प्रशासकीयदृष्ट्या पटली नाही. शिवाय माळ्यावर मागच्या अनेक दिवाळ्यांचे उरलेले डबे होते. गेणूला चहा पाजून निरोप दिला आणि रंग समिती स्थापन केली (अध्यक्ष मी, सचिव मी, पत्नी छाया हिचा विरोध नोंदवून बाजूला ठेवला).

डबे एकूण अकरा. झाकण उघडलेले सात. आत खरोखर रंग असलेले पाच. एकात खिळे.

प्रथम ऑइलपेंट आणि प्लास्टिक पेंट (म्हणजे गेणूचा पाण्याचा रंग) एका बादलीत ओतून पाऊण तास ढवळले. मिश्रण फाटलेल्या दुधासारखं झालं (ढवळायची रवी छायाची होती, हे तिला नंतर कळलं). समितीनं निष्कर्ष काढला की दोन्ही रंगांना वेगवेगळे थर हवेत. हे गेणूला सुचलं नव्हतं.

जुन्या चकचकीत हिरव्यावर मॅट प्लास्टिक पेंट मारला. मॅट जरा उदास वाटला, म्हणून त्यावर चकाकीसाठी पुन्हा ऑइलपेंट (वय अंदाजे नऊ वर्षं). दीड दिवसात काम पूर्ण. भिंत इतकी चमकत होती की दोन दिवसांनीही ओली वाटायची. ती ओलीच होती.

रविवारी सकाळी मी स्वतः भिंतीवर सोनेरी पुठ्ठ्याची अक्षरं चिकटवली : 'निकिता आणि समर्थ'. अक्षरं रंगाला पक्की चिकटली. रंग मात्र कशालाच चिकटलेला नव्हता.

अंगठ्या घालताना उकडतंय म्हणून कुणीतरी पंखा पाचवर केला. भिंतीवरच्या रंगाचा एक कोपरा सुटला आणि दोन्ही थर अक्षरांसकट ओल्या चादरीसारखे निकिताच्या खांद्यावर, त्याच पैठणीच्या पदरावर आले. मंगलाबाईंनी नुसता पदर हातात धरला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मी एकच गोष्ट मागितली होती, बाबा," निकिता म्हणाली आणि आत गेली. मंगलाबाईही तिच्यामागोमाग गेल्या.

त्यानंतर जमलेले पुरुष भिंतीपाशी गोळा झाले. उपस्थिती तेवीस, मतं एकतीस. समर्थचे मामा नखानं खरवडून थर मोजत होते. खुद्द समर्थ पुट्टीविषयी बोलत होता. मीही त्यांच्यात उभा राहून मुद्दे मांडले, कारण आत जाण्यापेक्षा ते सोपं होतं.

वाचता वाचता तुम्हीही मनाशी म्हणाला असाल की आधी भिंत घासायला हवी होती. मुद्दा बरोबर आहे. बत्तिसावं मत म्हणून नोंदवून घेतलं आहे. तोवर आत त्या दोघी टर्पेंटाइनच्या बोळ्यांनी पदर पुसत होत्या. रंग निघाला का, हे तेवीस जणांपैकी कुणीही विचारलं नाही. तुम्हीही नाही.