मेहुणे उतरले की त्र्यंबकभाऊ चढत

दिवाळीत नागपूरकडून येणारी सकाळची पॅसेंजर पांढुर्ण्याला थांबली, की त्र्यंबकभाऊ फलाटावर हजर असत. डब्यातून त्यांचे मेहुणे उतरत, मेहुण्यांच्या बायका उतरत, पोरं तर खिडकीतूनच उतरत. भाऊ एकेक ट्रंक खाली घेत, सगळ्यांची तब्येत विचारत, हमालाला घर समजावून सांगत. आणि गार्डाची शिट्टी झाली, की त्याच डब्यात चढून, मेहुण्यांनी नुकत्याच रिकाम्या केलेल्या बाकावर बसून, पुढच्या तिगाव स्टेशनाला निघून जात.

"बाक गरम भेटते," त्यांनी मला एकदा कारण सांगितलं होतं.

मी तेव्हा पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर होतो आणि भाऊंच्या शेजारी राहत होतो. भाऊ एका जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क. घरात ते आणि वहिनी, दोघंच, मूलबाळ नव्हतं. बाकी वर्षभर माणूस अगदी सरळ. कुणाची मयत असो, कुणाची मुंज असो, भाऊ पहिले. पण दिवाळी जवळ आली की त्यांचा चेहरा कापसाला आग लागल्यासारखा होई. वहिनींना चार भाऊ. चौघेही नागपूरला, चौघेही लेकुरवाळे, आणि भाऊबीजेला बहिणीकडेच जायचं हा चौघांचाही हट्ट. ते धनत्रयोदशीला येत आणि भाऊबीज आटोपून जात. ते गेले, की मगच भाऊ तिगावाहून परत येत.

"मास्तर, सण म्हणजे सरकारी मुआयना आहे," भाऊ म्हणत. "साहेब येते, फराळ करते, चुका काढते, जाते. आपल्याले नाही जमत बावा."

तिगावला पिंटोसाहेब स्टेशन मास्तर होते. मूळचे गोव्याकडचे, पण जन्म नागपूरच्या रेल्वे क्वार्टरात गेल्यामुळे बोली आमचीच. त्यांच्या दोन बहिणी नागपूरला राहत आणि नाताळाला भावाने चर्चमध्ये आपल्या शेजारी उभं राहावं म्हणून महिनाभर आधीपासून निरोप धाडत. पिंटोसाहेब दर नाताळाला मुद्दाम ड्यूटी मागून घेत. तिसरे गुलाबराव. हे मोहगावच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे कुठलाही सण आला की त्यांच्या मावश्या एखादी मुलगी दाखवायला घेऊन येत. अशी ही आपापल्या घरच्या सणातून पळालेली तीन माणसं. दिवाळीत भाऊंसाठी जमत, नाताळात पिंटोसाहेबांसाठी, आणि गुलाबरावांसाठी कधीही.

जमून काय करत? पोर्ट पीत. गोव्याकडची गोडसर लाल पोर्ट वाइन, पिंटोसाहेबांचा कुणी नातेवाईक आणून देई. पण स्टेशनवर उघड पिणं बरं दिसत नाही, म्हणून ती कपबशीतून चाले. भाऊ इतके सावध, की बशीत ओतलेली पोर्ट फुंकून पीत.

"लोकायले चहा वाटला पाहिजे," ते म्हणत.

बाटलीची व्यवस्था गुलाबरावांकडे. दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटलीवर असते तशी डोसांच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी ते तिच्यावर डकवत. वर 'हलवून घ्या' आणि खाली 'दोन वेळा, जेवणानंतर'. पिंटोसाहेबांना पोर्ट हलवलेली मुळीच खपत नसे. त्यावरून दोघांचं दरवेळी भांडण होई.

एका नाताळाला भाऊ मलाही घेऊन गेले. "तुम्ही नका पिऊ, पण पाहा तर खरं, माणसं सुखानं कशी बसतात," असं म्हणाले. आम्ही तिघं स्टेशन मास्तरच्या खोलीत बसलो होतो, पिंटोसाहेब गाडी घ्यायला बाहेर गेले होते. गाडी आली, आणि तिच्यातून पिंटोसाहेबांची थोरली बहीण जेनीबाई उतरली. हातात केकचा डबा. भावाचा हिरवा झेंडा हातातच राहिला.

"तू येत नाहीस, तर मीच आली," बाई आत येत म्हणाली. "काय करून राहिले तुम्ही सगळे?"

भाऊ उठले. "बाई, पिंटोसाहेबांची तब्येत बरी नाही. औषध चालू आहे. हे कंपाउंडर, ते त्याच्यासाठीच मोहगावाहून आले."

गुलाबरावांनी बाटली पुढे केली. बाईने पट्टी वाचली, बूच काढून वास घेतला, टेबलावरचा रिकामा कप भरला आणि सावकाश संपवला.

"माझं जेवण झालंय," ती मागोमाग आत आलेल्या भावाला म्हणाली. "आणि मागच्या खेपेला मी धाडली होती ती याच्याहून चांगली होती, जोसेफ."

त्या दिवशी केक पाच जणांत कापला गेला. पिंटोसाहेबांच्या बहिणीला आमच्यासारखीच बोली येते आणि गाणीही येतात हे कळलं. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. तिला बसवून आल्यावर पिंटोसाहेब मला म्हणाले, "बहीण वाईट नाही हो. चर्चमध्ये सगळे माझ्याकडे पाहतात ना, बायको गेल्यापासून, ते नाही सहन होत."

भाऊंनी त्यांची बशी भरून दिली.

मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले. आम्ही छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशातच राहिलो. राजधानी नागपूरची उठून भोपाळला गेली. शाळेत आम्ही नकाशे बदलले. बाजारात माणसं संत्री तोलता तोलता विचारत, "आता आपण कोण?" भाऊ मात्र खुशीत होते.

"मास्तर, मेहुणे परप्रांतात गेले! आता कायले येतात?"

पण रेल्वेला कुणी हद्द सांगितली नव्हती. त्या दिवाळीला चारही मेहुणे आले, आणि 'बहीण परमुलखात पडली' म्हणून एक चुलत मेहुणाही सोबत घेऊन आले.

खरा फटका दुसरीकडून बसला. गुलाबरावांनी वऱ्हाडात नोकरी मागितली होती, ती मिळाली आणि ते अकोल्याकडे निघून गेले. पुढच्या उन्हाळ्यात पिंटोसाहेबांची बदली इटारसीच्याही पलीकडे झाली. जाताना त्यांनी उरलेली अर्धी बाटली भाऊंना दिली. भाऊंनी ती घरी आणून कपाटात ठेवली आणि पुन्हा कपाट उघडलं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीला पॅसेंजर आली, मेहुणे उतरले, शिट्टी झाली, गाडी सुटली. आणि भाऊ फलाटावरच उभे! थोरला मेहुणा घाबरला.

"भाऊजी, तब्येत बरी आहे ना?"

"चला घरी," भाऊ म्हणाले.

घरी तर त्यांनी कहर केला. पहाटे अंगाला तेल लावून घेतलं. पोरांबरोबर फटाके उडवले. भर दुपारी सगळी पलटण जिनिंग फॅक्टरीत नेली आणि नव्या कापसाच्या ढिगावर सोडून दिली. पोरं उड्या मारून घरी आली ती केस, भुवया पांढऱ्या करून. आणि सगळ्यात म्हातारे दिसत होते खुद्द भाऊ. धाकटी भाची, चिमी, तिला ते खांद्यावरून खाली उतरवेनात. "आतोबा, अजून!" ती ओरडे आणि हे पुन्हा पळत. मेहुणे म्हणाले, माणूस सुधारला. वहिनी दाराशी उभ्या राहून नवऱ्याकडे पाहत होत्या, जरा काळजीने.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मंडळी निघाली. सामान पोचवायला मीही स्टेशनवर गेलो. भाऊंनी एकेक पोर उचलून डब्यात दिलं. चिमीने त्यांची टोपी धरून ठेवली होती, ती तिच्या आईने सोडवून दिली. गाडी नागपूरकडे गेली. हमाल पांगले. भाऊ टोपी हातात धरून फलाटावरच्या बाकावर बसले.

"चला भाऊ," मी म्हटलं.

"तुम्ही जा."

मी त्यांच्याजवळ बसलो. ते रुळांकडे पाहत म्हणाले, "मास्तर, लोकायले वाटते मले गर्दी आवडत नाही. गर्दी चांगली असते हो. पण ते पोरं चालले जातात ना... मंग घर असं मोठं होऊन बसते. त्याच्यापक्षा आलेच नाही असं समजावं, तिगावले जाऊन बसावं. परत आलं का कोणीच नाही. जसं आधी होतं तसं."



तेवढ्यात पुलाच्या जिन्यावरून वहिनी येताना दिसल्या. वहिनी स्टेशनवर कधी येत नसत. डोक्यावरून पदर घेऊन त्या आल्या आणि नवऱ्यापासून थोडं अंतर ठेवून बाकाच्या कडेला बसल्या. मी उठून बाजूला झालो, पण फलाट रिकामा होता, ऐकू येत होतं.

भाऊंनी विचारलं, "दरसाल हे सारे गेल्यावर मी तिगावलेच राहो. तू काय करत होती?"

"भांडे घासत होती."

"अन् घासून झाल्यावर?"

"पुन्हा घासत होती."

भाऊ टोपी डोक्यावर घालून उठले आणि वहिनी उठेपर्यंत तिथेच थांबले. एरवी ते बायकोच्या चार पावलं पुढे चालत. त्या दिवशी दोघं बरोबरीने गेले.

संध्याकाळी मी अंगणात दिवा लावत होतो. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. वहिनींचा हात मला ऐकून माहीत होता, भराभर चाले. दुसरा हात नवखा होता. मधूनच थांबे, पितळेवर काहीतरी आपटे, आणि वहिनी म्हणत, "राख कमी घ्या हो."

"घेऊन राहिलो कमी," भाऊ म्हणत.

ती भांडी दुपारी सामान उचलायला गेलो तेव्हाच स्वच्छ होऊन फळीवर लागलेली मी स्वतः पाहिली होती.