गाद्या, लोड आणि योगिनीचा आवाज

"वास्तुशांतीला आमची योगिनी गाणार. ऐकाल तर जन्मभर नाव काढाल," असं किशोरनं पंचवटीतल्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

भाड्याच्या दोन खोल्यांत, कपाटं आणि अंथरुणांच्या गर्दीत बायकोचं गाणं कधीच बंद पडलं होतं. वीस वर्षं झाली त्याला. नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दिवशी रिकामा हॉल झाडताना ती सहज गुणगुणली, आणि कोऱ्या भिंतींनी तो सूर असा झेलला की तिची तीच थबकली. "अहो, आवाज आहे की अजून," ती म्हणाली. तेवढ्या भरवशावर तिनं गायला होकार दिला.

मग किशोरनं तयारी केली. मंडपवाल्याकडून गाद्या आणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरल्या, लोड टेकवले, खिडक्यांना जाड पडदे लावले. सटाण्याच्या सुलाआत्यानं हातानं शिवून आणलेल्या सहा गोधड्या कौतुकानं भिंतींवर टांगल्या. वर चाळीस पाहुणे.

योगिनीनं सूर लावला. तो तोंडातून निघाला आणि गादीवर जाऊन झोपला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"गेला हो आवाज," ती पुटपुटली. तिचे डोळे भरले.

"आवाज कुठं जात नाय," सुलाआत्या म्हणाली. "आमचं गोदाम गोण्यांनी भरलं, की बोंबललं तरी ऐकू येत नाय. रिकामं असलं, की नुसतं खाकरलं तरी घुमतं. गोण्या हलव."

गाद्या, लोड, पडदे, गोधड्या, सगळं जिन्यात गेलं. तरी आवाज म्हणावा तसा उठेना.

"माणसं पण गोण्याच हायेत," आत्यानं निकाल दिला.

शेवटी यजमानानं हात जोडून आलेल्या पाहुण्यांना घराबाहेर काढलं. बिचारे जिन्यात गाद्या टाकून बसले.

आतून सूर आला. भरदार, मोकळा, उघड्या दारातून जिना उतरत थेट पार्किंगपर्यंत गेला. कुणी जागचं हललं नाही. किशोर हॉलच्या कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. फार वर्षांनी ती त्याला अशी दिसत होती.

गाता गाता योगिनीनं हात हलवला. जवळ बोलावतेय असं वाटून तो दोन पावलं पुढं सरकला, तर तिनं मान दाराकडे वळवली.

"मोठी गोणी राहिलीच होती," दारातून त्याच्या पोटाकडे बघत आत्या म्हणाली.

किशोर मुकाट्यानं जिन्यात येऊन गोधडीवर बसला. आणि खरं सांगायचं तर, तिथूनच जास्त छान ऐकू येत होतं.