हरकत असल्यास हजर राहावे

माणसं गोळा करण्यात माझा हात धरणारा सगळ्या हिंगोली तालुक्यात कुणी असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. माझा मंडपाचा धंदा आहे. नरसीच्या रस्त्यावर दुकान आहे, त्यात खुर्च्या, गाद्या, कनाती आणि एक भोंगा, जो मनात आलं तरच वाजतो. लग्न कुणाचंही असो, आमंत्रणं द्यायला लोक मलाच पाठवतात, कारण मोहनसिंगनं बोलावलं आणि माणूस आला नाही असं आजवर झालेलं नाही. म्हणून आमच्या वकीलसाहेबांनी कोर्टाची तारीख सांगितली तेव्हा मी म्हणालो, "ते आता माझ्यावर सोडा." त्यांनी सोडलं. चुकलं ते तिथंच.

मागच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ रणजीत आणि त्याची बायको पुजा वसमतहून मोटारसायकलवर येताना ट्रकखाली गेले. हे वाक्य मी घाईनं संपवतो, कारण ते मला अजून नीट म्हणता येत नाही. त्यांची राजनंदिनी त्या दिवशी आमच्याकडे खेळायला आली होती. आठ वर्षांची पोर. ती मग आमच्याकडेच राहिली.

पोर गुणाची. ताटात पडेल ते खायची, सांगू तिथं बसायची. भाजी खारट झाली तर वर पाणी प्यायची, पण बोलायची नाही. माझी बायको रूपा म्हणायची, "हे लेकरू काहीच मागत न्हाई हो, मला भ्या वाटून राहिलंय." मी म्हणायचो, समजूतदार आहे, चांगलंच आहे की. घर अंगावर येऊ नये म्हणून मी आपला दिवसभर बोलत राहायचो. जेवताना बोलायचो, तिला शाळेत सोडताना बोलायचो, एकदा तर वाटेतल्या एका लंगड्या कुत्र्यावर शाळा येईपर्यंत बोललो. रणजीतचं नाव तेवढं घरात कुणी काढत नव्हतं. मी तर नाहीच नाही.

पण शाळेत जा, तहसीलला जा, बँकेत जा, सगळीकडे एकच प्रश्न. पालक कोण? सख्खा चुलता आहे म्हटलं की समोरचा म्हणायचा, तसा कोर्टाचा कागद दाखवा. शेवटी वकीलसाहेबांनी हिंगोलीच्या कोर्टात अर्ज टाकला. आमच्या बंजारा तांड्यावरच्या समाजमंदिराच्या भिंतीला नोटीस चिकटली: सदर मुलीचे पालकत्व मोहनसिंग यांना देण्यास कोणाची हरकत असल्यास त्यांनी अमुक तारखेला हजर राहावे.

तशीच एक नोटीस वसमतकडच्या तांड्यावर मोतीबाईलाही गेली. मोतीबाई म्हणजे पुजाची आई. पुजा तिची एकुलती एक. आता त्या घरात ती आणि एक शेळी. पोरीवर तिचा हक्क माझ्यापेक्षा कमी नव्हता, आणि ती पोरीला मागणार हे मला कळत होतं. रूपालाही कळत होतं. आम्हाला पोरबाळ नाही. रूपा रोज राजनंदिनीचे कपडे पेटीतून काढायची, घड्या मोडायची, पुन्हा घालायची आणि पेटी पलंगाखाली अगदी आत सरकवायची.

वकीलसाहेब म्हणाले होते, "त्या दिवशी कुणाचीच हरकत नसली की काम झालं." आता मला सांगा, कुणाची हरकत नाही हे कोर्टाला दिसणार कसं? रिकाम्या खोलीकडं बघून? छे! त्यापेक्षा सगळा तांडाच नेऊन उभा करावा, एकेकानं पुढं येऊन हरकत नाही म्हणावं, मग मोतीबाईनं काही म्हटलं तरी पारडं आपलंच जड. मी घरोघर आमंत्रण दिलं. माझा चुलतभाऊ पुनमचंद आपला टेम्पो घेऊन निघाला.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. आमच्या तांड्याची रीतच विसरलो.

आमच्याकडे बैठक बसली आणि कुणाची हरकत आहे का असं विचारलं की जवळच्या माणसानं हरकत घ्यायचीच असते. घेतली नाही तर तो परका. सोयरिकीत मामानं निदान जेवणाला तरी नाव ठेवावंच लागतं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत शेजारच्या रुक्माबाईनं हरकत घेतली होती की पोरगा लई बोलतो. सगळ्यांनी माना हलवल्या, हरकत ऐकून घेतली आणि लग्न लावून दिलं.

तर कोर्टात पुकारा झाला. मी, रूपा आणि मधे राजनंदिनी असे पुढं बसलो होतो. मागं अख्खा तांडा. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "या अर्जावर कुणाची हरकत आहे?"

सगळा तांडा उठून उभा राहिला.

वकीलसाहेब माझ्या कानाशी आले. "हे कोण लोक?"

"आपलेच."

"मग उठले काहून?"

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. तांड्याचे नाईक शंकरसिंग फेटा सावरत पुढं गेले होते. "बाईसाहेब, माझी हरकत हाय. यानं पोरीला बूट मोठे घेतलेत. लेकरू पाय घासून राहिलं. चुलत्याला मापाची अक्कल न्हाई."

बाईसाहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून लिहायला लागला.

मग रुक्माबाई. "रूपाच्या हातची भाजी खारट असती. दुपारचं जेवण पोरीनं माझ्याकडं करावं, असं बराबर लिहा."

मग पुनमचंद. "पोरगी सारखी याच्याच घरी का म्हणून? माझ्या पोरी रोज वाट बघून राहिल्या. माझी सख्त हरकत हाय."

कारकुनानं नवा कागद घेतला. मी रांगेकडे बघून हातवारे करत होतो, आणि त्यांना वाटलं मी पुढच्याला बोलावतोय. एकानं हरकत घेतली की मी पोरीला गाडीवर पुढं बसवतो. एकीनं घेतली की पोरीला अजून गोधडी दिली नाही, आणि ती गोधडी तिनं सोबतच आणली होती. वकीलसाहेबांनी डोळे मिटले होते. आमंत्रणाला एवढी गर्दी माझ्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती.

शेवटी मी उठलो. "बाईसाहेब, ही सगळी माझ्या बाजूची माणसं आहेत."

"असं? मग विरुद्ध बाजूचं कोण?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. अगदी शेवटच्या बाकावर मोतीबाई बसली होती, मांडीवर बोचकं घेऊन. रूपानं राजनंदिनीचा हात धरला. इतका घट्ट की पोरीनं खाली हाताकडे पाहिलं.

"आजी, तुमची काय हरकत आहे?" बाईसाहेबांनी विचारलं.

मोतीबाई उभी राहिली. "माझी काही हरकत न्हाई."

वकीलसाहेबांनी डोळे उघडले. कारकुनानं पेन खाली ठेवलं. जिंकलो होतो आम्ही. पण मागं तांड्यातलं कुणी हललं नाही. नाईकांनी मान खाली घातली.

"न्यायलाच आले होते साहेब," मोतीबाई म्हणाली. "बोचक्यात तिच्या आईची लहानपणची चादर बी आणली. पण इथं किती माणसं भांडून राहिली तिच्यापायी. माझ्या घरी भांडायला कोण हाय? राहू द्या तिला इथंच."

रूपा रडायला लागली. मलाही फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यापेक्षा लाज जास्त वाटली, की या म्हातारीला हरवायला मी टेम्पो भरून माणसं आणली.

राजनंदिनीनं रूपाच्या हातातून हात सोडवला. ती मागं गेली, मोठ्या बुटांचा आवाज करत, आणि आजीच्या पदराला धरून म्हणाली, "आजी, हरकत घे."

"कशाची घेऊ माय?"

"कशाची बी घे."

बाईसाहेबांना काही उमगेना. तेव्हा नाईकांनी सांगितलं, "आमच्यात जो हरकत घेत न्हाई तो परका असतो साहेब. लेकराला आजी परकी नको हाय."

बाईसाहेबांनी चष्मा काढून पुसला. जरा जास्तच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "सांगा आजी, लिहून घेते."

मोतीबाईनं पोरीला नीट न्याहाळलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "केसाला तेल न्हाई हिच्या," ती म्हणाली, आणि पोरीची वेणी हातात घेतली. "वेणी अशी घालत असतेत का? सुट्टीत मी घालून देईन."

ते लिहिलं गेलं. बाकी एका दिवसाचं काम पुढच्या तारखांवर गेलं, कारण ज्यांनी ज्यांनी हरकत घेतली त्या प्रत्येकाला ती मागं घेतल्याचं लिहून द्यावं लागलं, आणि पुनमचंद तर बूट बदलून आणेपर्यंत मागं घ्यायला तयार नव्हता. बूट ही त्याची हरकतही नव्हती! शेवटी कोर्टाचा कागद मिळाला. मी पालक, आणि शाळेच्या सुट्ट्या आजीकडे.

पण सांगायचं ते त्या पहिल्या तारखेच्या संध्याकाळचं. मोतीबाईला आम्ही जाऊ दिलं नाही. ती ओट्यावर बसून राजनंदिनीला तेल लावत होती, रुक्माबाई दाराशी होती, आणि मी सगळ्यांना कोर्टातल्या नकला करून दाखवत होतो. कारकून झाला, वकील झाला, नाईक झाले. हसत होतो मीच.

"काका, माझी बी एक हरकत हाय," राजनंदिनी म्हणाली.

रूपाचा हात परातीत थांबला. या घरात आल्यापासून पोरीनं कशालाच नाव ठेवलं नव्हतं.

"सांग की."

"तू लई बोलतो. बाबा माझ्यापाशी गप बसायचा."

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. ती थोडी सरकली, माझ्याकडे. मोतीबाईनं अर्धी वेणी हातात धरून ठेवली होती.

"हीच हरकत मी तुझ्या लग्नात घेतली व्हती," रुक्माबाई दारातून म्हणाली, "तवा कुणी ऐकली न्हाई."

यावर एक चांगलं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते मी दिलं नाही.